वाढत्या अंगाची स्की

आमच्या स्टुटगार्टच्या ऑफिसातली मराठी टोळी दर हिवाळ्यात आल्गॉयच्या डोंगरात स्कीइंगला जाते. तिथला बर्फ मार्चपर्यंत वितळतो, किस्से मात्र साचतच जातात. परतताना गाडीत प्रत्येकाचं काहीतरी दुखत असतं आणि प्रत्येकाला आपलाच किस्सा आधी सांगायचा असतो. टोळीत पायाला पहिली स्की बांधली मी, त्यामुळे तज्ज्ञही मीच!

*

माझा नियम साधा आहे. स्की आपल्या कुवतीपेक्षा एक पायरी वरची घ्यायची. नवशिक्याची मऊ स्की सगळ्या चुका पोटात घालते, मग माणूस शिकणार कधी? आईने शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घेतला, आपण वाढलोच ना!

स्की भाड्याने देणाऱ्या आजोबांना मी हे तत्त्व समजावलं. "माझं दुसरंच वर्ष आहे, पण स्की तिसऱ्या वर्षाची द्या."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "गेनाऊ, अगदी बरोबर. आणि पाय कोणाचे आणलेत?"

*

आमच्या मंदारने हा नियम फारच मनावर घेतला. त्याला कारण होतं. त्याची नऊ वर्षांची इरा इथेच जन्मलेली, लाल म्हणजे मधल्या अवघड उतारावरून भुर्रकन जाणारी. हा बिचारा सोप्या निळ्या उतारावर. "पापा, श्नेलर!" एवढं ओरडून, म्हणजे जरा जोरात ये म्हणून सांगून, ती मैत्रिणींबरोबर पसार व्हायची. पुढच्या वर्षी मैत्रिणीच्या घरच्यांबरोबरच जाणार, हेही तिने जाहीर केलं होतं. तिच्या बरोबरीने लाल उतार उतरायला मंदारकडे हा एकच हिवाळा होता.

म्हणून एक पायरी सोडून पठ्ठ्याने थेट रेसिंगची स्की उचलली! घाबरून तो मागे रेलला आणि ती कडक स्की त्याला घेऊन सुसाट सुटली. रेस्टॉरंटच्या अंगणाबाहेरच्या जाळीत जाऊन तो अडकला.

वेटर शांतपणे वाकला. "टेबल बाहेर हवं की आत?"

*

त्यानंतर मी स्वतः त्याला मोजून एक पायरी वरची स्की घेऊन दिली. तरी मागे रेलायची खोड जाईना. अशा स्कीवर नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबूनच उभं राहावं लागतं. मंदारने मग सरळ स्कीचे बूट ऑफिसात आणले आणि कॉफी मशीनसमोर ते घालून, गुडघे वाकवून उभा राहिला.

तेवढ्यात आमचे जर्मन बॉस आले. आता याचं काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं.

बॉसनी कप बाजूला ठेवला. "आल्झो, हे बघ मंदार, गुडघे अजून पुढे!"

*

जानेवारीत मंदारचे सासरे पुण्याहून आले. त्यांनाही डोंगरावर नेलं. अर्धा दिवस लिफ्टपाशी उभे राहून त्यांनी सगळी व्यवस्था तपासली.

"बाबा, कसं वाटलं?" मंदारने विचारलं.

"अहो जावईबापू, वर नेऊन सोडतात आणि परत आणायची सोय नाही. याला काय सेवा म्हणायचं?"

*

आणि फेब्रुवारीतला तो रविवार. शेवटची ट्रिप. इराला मैत्रिणी हाका मारत होत्या, पण मंदारने तिला कसंबसं लाल उतारासाठी पटवलं. मी आणि त्याची बायको सानिका खाली लिफ्टपाशी उभे. सानिकाने माझी बाही घट्ट धरलेली. खरं सांगतो, तज्ज्ञ असूनही मी आधी जाळी कुठे आहे ते बघून ठेवलं.

दोघं वरच्या वळणावर दिसली. इरा पुढे, मंदार मागे. पण मागे रेललेला नव्हे! गुडघे पुढे, नडग्या दाबलेल्या. एक वळण नीट आलं, दुसरं आलं. वाढत्या अंगाची ती स्की त्याला अखेर मापात बसली होती. तिसऱ्या वळणावर त्याने चक्क पोरीला मागे टाकलं.

आणि वरून अख्ख्या उताराला ऐकू जाईल अशी इराची हाक आली, तीही मराठीत, "बाबा, थांब ना रे!"

मंदार थांबला नाही. थेट आमच्यासमोर येऊन उभा राहिला, अगदी व्यवस्थित, ब्रेक लावून.

"अरे, पोरगी हाका मारतेय," सानिका त्याच्यावर उखडली, "थांबता येतंय तर थांबला का नाहीस?"

मंदारने गॉगल वर सरकवला. "परत एकदा ऐकायचं होतं."