अर्ध्या कौलांचं कोठार

ते कोठार बापानं स्वतः उभं केलं होतं. खाली दगडी जोतं, त्यावर गुरं, वर फळ्यांचा माळा आणि माळ्यावर वर्षाचा चारा. समोरासमोर दोन रुंद दारं, म्हणजे वारा आरपार जावा आणि चारा कुजू नये. खांब खाचा पाडून एकमेकांत बसवलेले, लाकडाच्याच खुंट्या ठोकलेल्या. सगळ्यात वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच झाडाची तुळई. बाप म्हणायचा, "ही अखंड आहे तोवर कोठाराचे तुकडे कोणी करणार नाही." बिचाऱ्याला आपली पोरं कळली नव्हती.

बाप अंथरुणाला खिळला तेव्हा थोरला घरी राहिला. धाकटा शहरात नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. औषधपाणी, उष्टंखरकटं, रात्रीची जागरणं, सगळं थोरल्याच्या गळ्यात. बाप गेल्यावर धाकटा आला, चार दिवस राहिला आणि निघताना म्हणाला, "दादा, मला इथलं काही नको."

थोरल्याला ते झोंबलं. काही नको म्हणजे, आपल्यावर उपकार केल्यासारखं? "नंतर तोंड वर करून मागायला येशील. तुझं तू आत्ताच घे," म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं कोठाराच्या मधोमध चुन्याची रेघ ओढली. धाकट्यानं एकदा रेघेकडं पाहिलं. "बरं, तुझ्या मनासारखं," म्हणाला आणि गाडीत बसला.

तेव्हापासून थोरला दर उन्हाळ्यात छपरावर चढायचा, फुटकी कौलं काढायचा, नवी घालायचा आणि रेघेपाशी आला की हात झटकून खाली उतरायचा. इकडचं छप्पर लालभडक, तिकडचं भोकाभोकांचं. असला नमुना पंचक्रोशीत दुसरा नव्हता. वाटेनं जाणारा कोणी थांबला की हा हौसेनं सांगायचा, "एका बापाचे दोन लेक. कोणी काय केलं ते वर बघा."

बायको म्हणायची, "अहो, कौलं उरलीत. पलीकडं टाका की."

"त्याचं आहे. तो टाकेल."

"भावजी कधी यायचे?"

"येईल तेव्हा बघेल. मान खाली घालायला लावीन त्याला."

एवढ्याचसाठी माणूस जगत होता. धाकट्यानं एकदा यावं, वाटेवर उभं राहावं, आपलं छप्पर बघावं आणि शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हावं.

पाण्याला मात्र रेघ दिसत नव्हती. ते तुळईच्या पोटातून पाझरत नव्या कौलांखाली आलं. थोरल्यानं तुळई ठोकून पाहिली. आधी पलीकडं बद्द वाजायची, मग रेघेपाशी, मग अलीकडंसुद्धा. त्याला कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. त्यानं आपल्या बाजूला एक टेकू लावला. पलीकडं चार कौलं टाकायला मात्र हात उचलला नाही. हट्टापुढं अक्कल चालत नाही, ती अशी.

एके दुपारी, वादळ नाही की काही नाही, साध्या वाऱ्यानं तुळई मोडली. गुरं चरायला गेली होती म्हणून वाचली. चारा, माळा, लालभडक कौलं, सगळं भुईसपाट झालं. कुठलं अर्धं कोणाचं, ते ओळखू येत नव्हतं.

संध्याकाळी थोरल्यानं भावाला फोन लावला. कित्येक वर्षं घोकून ठेवलेलं ओठांवर तयार होतं.

"कोठार पडलं," तो म्हणाला.

"कुठलं कोठार?"

"बाबांचं. तुझं-माझं."

"ते अजून होतं का, दादा? मला वाटलं, बाबा गेल्यावर पाडलं असशील. कोणाला लागलं नाही ना?"

"नाही," थोरला म्हणाला. त्यानं फोन ठेवला.

बायको दारात उभी होती. "काय म्हणाले भावजी?"

"कोणाला लागलं का, विचारत होता."