बाबाचे कान अन् बंद केलेला ऑप्शन

मंडळी, आज माह्यापायी बाबा डॉक्टरकडं चालले होते!

माहा लॅपटॉप नवा, बाबाचा कंप्युटर जुना, प्रोसेसर वेगळे. दोन्ही चालवणारी लिनक्स सिस्टीम मीच बिल्ड करतो, म्हंजे कोडपासून तयार करतो. सकाळी दोन्हीच्या सामायिक कॉन्फिगमधून, म्हंजे सिस्टीममंधी काय ठेवाचं त्या यादीतून, आवाज काढणाऱ्या जुन्या साउंड कार्डाचा ऑप्शन बंद केला, म्हटलं आता कोण वापरते? नवा बिल्ड दोन्हीवर टाकला.

दुपारी बाबा धुतलेला सदरा घालून एसटीले निघाले.

"कुठी, बाबा?"

"कारंजाले, कान दाखवाले. कंप्युटरवर भीमगीत चालू दिसते, पण मले ऐकूच नाई येत."

"माहं बोलणं तं येते न?"

"तू तं ओरडूनच बोलतं!"

बाबाच्या कंप्युटरमंधी तेच जुनं कार्ड! ऑप्शन लगेच चालू केला, पुन्हा बिल्ड करून त्यायच्या कंप्युटरवर टाकला. गाणं वाजलं, बाबा हसले.

त्यायनं स्वतःच्या कानावर शंका घेतली, माह्या कामावर नाई. तुमच्यावर एवढा भरोसा कोणाचा आहे?