शिट्टी वाजली की उठायचं

अंधारात ती ताडकन उभी राहिली, तेव्हा पडद्यावर नुसती एक शिट्टी वाजली होती.

दोन बोटं तोंडात घालून मारलेली शिट्टी. सुरुवातीला जाड, आणि शेवटी सुईसारखी टोकदार होत गेलेली. कॉलेजचं सभागृह भरलेलं, सगळे बसलेले, आणि तिसऱ्या रांगेत ही एकटीच उभी.

"काय गं? काय झालं?" शेजारून घोषणाने तिची बाही ओढली. घोषणा म्हणजे तिची मैत्रीण. साधं 'पाणी दे' सुद्धा मोर्चात असल्यासारखं ओरडून सांगायची, म्हणून हे नाव पडलं होतं.

"पायात गोळा आला," असं म्हणून ती खाली बसली.

गोळा-बिळा काही नव्हता. ती शिट्टी तिच्या आईची होती. ती लहान असताना आई संध्याकाळी कामावरून येताना कोपऱ्यावरून हीच शिट्टी मारायची आणि खेळ कितीही रंगात आलेला असो, ही उठून पळत सुटायची. पाय तिला विचारत नसत. आज कॉलेजात आली तरी त्यांनी विचारलं नव्हतं.

तोपर्यंत तिला डॉक्युमेंटरी प्रचंड आवडली होती. भांडवलशाहीवर होती. दुकानाच्या काचेतल्या एका स्वस्त शर्टापासून सुरू झाली आणि तिथून उलटी चालत निघाली. दुकान, गोदाम, जहाज, इस्त्रीची टेबलं आणि शेवटी शिलाईची लाइन. 'स्वस्त काहीच नसतं, कुणीतरी आधीच भरलेलं असतं,' असं निवेदक म्हणाला, तेव्हा हिने घोषणाच्या मांडीवर थाप मारली होती. आई घरी तिला 'बॅरिस्टर' म्हणायची ते काही उगाच नाही. उद्याच्या चर्चेतलं आपलं भाषण तिचं मनातल्या मनात अर्धं झालंही होतं.

आणि मग लाइनवरच्या एका पोरीने हात वर केला. तिला बाथरूमला जायचं होतं. ती अर्धवट उठलीसुद्धा. मागून एक बाई आली. बाईचा चेहरा धूसर केलेला होता. एका हाताने तिने पोरीचा खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं तोंडात घातली.

चेहरा पुसता येतो. शिट्टी कशी पुसणार?

दुसऱ्या दिवशी वर्गात मॅडमनी नेमका तोच प्रसंग काढला. "त्या बाईबद्दल काय वाटलं तुम्हाला?"

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" घोषणा बसल्या जागेवरूनच कडाडली. "मालक निदान परका तरी असतो, मॅडम. ही त्यांच्यातलीच! मला तर मालकापेक्षा हिचाच जास्त राग आला."

मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली. वर्ग खिदळला.

मॅडम तिसऱ्या बाकाकडे वळल्या. "तू आज अगदी गप्प?"

"घसा बसलाय, मॅडम."

"काल पाय, आज घसा," घोषणा म्हणाली. "उद्या काय बसणार?"

सगळे हसले. तीही हसली. हसताना तिला कळलं, की आपण आत्ता आईला हसणाऱ्यांबरोबर हसतोय.

आई संध्याकाळी आली. दिवसभर लाइनच्या मागे उभं राहून तिचे घोटे सुजतात, म्हणून घरात पाऊल टाकलं की ती आधी खुर्चीत बसते आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडते. बॅरिस्टरने बादली आणून ठेवली. जरा आदळूनच.

"अगं, सांडलं की पाणी."

"तू लाइनवरच्या मुलींना बाथरूमला जाऊ देत नाहीस?"

आईचा एक पाय पाण्यात आणि एक हवेत राहिला. "कोण म्हणालं?"

"मी बघितलं. सगळ्या कॉलेजने बघितलं. पडद्यावर."

"ते कॅमेरावाले होय." आईने दुसरा पायही पाण्यात सोडला. "चेहरा दिसणार नाही म्हणाले होते."

"नाही दिसला. शिट्टी ऐकू आली."

आई हसायला गेली आणि मध्येच थांबली. "जाऊ देते मी. लगेच नाही जाऊ देत, एवढंच. एक उठली की मागचीचं काम तुंबतं आणि पुढची रिकामी बसते. ठरलेले कपडे निघाले नाहीत की सगळ्यांना थांबवून घेतात. मग ज्यांची पोरं पाळणाघरात आहेत, त्या माझ्या नावाने बोटं मोडतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं आहे ते."

"मग वर सांग ना! एवढे कपडे निघत नाहीत म्हणून सांग!"

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, तुमचं जुनं मशीन रिकामंच आहे, बसता का परत?"

"तू स्वतः बसलीयस त्या मशीनवर. पोट दाबून बसलीयस. तुला माहितीये कसं होतं ते. तरीही तू…"

"हो. तरीही मी." आईने पाय पाण्यात हलवले. "साक्ष संपली का, बॅरिस्टर?"

ही शिट्टी आईला कारखान्यातच सापडली होती. शेजारच्या मशीनवरच्या बाईच्या बोटात सुई घुसली आणि मशीन थांबेना. आई ओरडली, पण मशिनांच्या घरघरीत तिचा आवाज तिच्याच कानांपर्यंत पोहोचला नाही. तेव्हा तिने बोटं तोंडात घातली. अख्खी लाइन जागच्या जागी थांबली. साहेबांनी ते वरच्या काचेतून पाहिलं. त्यांना सुई दिसली नाही, थांबलेली लाइन दिसली. पुढच्या आठवड्यात आईला मशीनवरून उठवून लाइनच्या मागे उभं केलं. जिने लाइन थांबवली होती, तिलाच लाइन पळवायला ठेवलं. तेव्हापासून कारखान्यात तिचं नाव शिट्टीबाई. ही गोष्ट आई नेहमी मान वर करून सांगायची. आज सांगितली नाही.

"पुन्हा कधी दाखवणार आहेत?" आईने विचारलं.

"रविवारी. बाहेरच्या लोकांसाठी. तू येऊ नकोस."

"का?"

"का म्हणजे? लोक हसतात, शिट्ट्या मारतात. राक्षसीण म्हणतात तुला."

"म्हणू देत. दिवसभर मी सगळ्यांना बघत उभी असते. मी कशी दिसते, ते मला कधी कुणी दाखवलंय?" मग बादलीतल्या पाण्याकडे बघत ती म्हणाली, "तिथे तुझी कोण म्हणून सांगू?"

बॅरिस्टर फडक्याने सांडलेलं पाणी पुसायला लागली.

"मावशी सांगते. मावशी चालेल ना?"

एवढा एकच शब्द बोलायचा होता. नाही. चालणार नाही. पाणी पार गार झालं होतं. तिने बादली उचलली आणि ओतायला गेली.

रविवारी घोषणा छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावून सभागृहाच्या दारातच उभी होती. "या कोण?"

"मावशी," आई म्हणाली.

"अय्या! कसल्या सारख्या दिसता हो तुम्ही दोघी!"

"माझी बहीण आणि मी तर जुळ्याच दिसतो," आई इतकं सहज म्हणाली, की बॅरिस्टरला घाम फुटला. खोटं बोलणं एवढं सोपं असतं, हे तिला आईकडून शिकायचं नव्हतं.

दिवे गेले. आई मधे, एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला घोषणा. शर्ट काचेतून निघाला. गोदाम. जहाज. इस्त्री. निवेदकाचं ते वाक्य आलं आणि आईने अंधारात मान हलवली. "बरोबर बोलला," ती पुटपुटली.

घोषणा तिच्या कानाशी झुकली. "मावशी, आता बघा हं. खरी राक्षसीण आता येणारेय."

"हो का? बघू या."

पोरीने हात वर केला. बॅरिस्टरने पडद्याकडे पाहिलंच नाही, ती आईकडे बघत होती. आईने मांडीवरच्या पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळून घेतले होते आणि ते ती आवळत होती.

शिट्टी वाजली.

मागच्या पोरांनी तिला लगेच जबाब दिला. एकाने, मग चौघांनी, मग सगळ्या रांगेने. हशा, हुर्यो, बाकांवर थापा.

या वेळी पाय आपोआप उठले नाहीत. त्यांना उठवावं लागलं.

"ए, खाली बस!"

"डोकं काढ की मधून!"

"आला वाटतं परत गोळा," घोषणा म्हणाली.

मॅडमनी हात वर करून खूण केली. चित्र जागच्या जागी थांबलं, दिवे लागले. "काही बोलायचंय का तुला?" मॅडमनी विचारलं, पण त्यांचेही नुसते ओठच हललेले दिसले.

"ती माझी आई आहे," बॅरिस्टर म्हणाली.

गोंधळात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. घोषणालाही नाही. बोलून झालं होतं आणि झालंही नव्हतं. आता बसता आलं असतं. पुन्हा पायाचं नाव सांगता आलं असतं, आणि घरी जाताना मावशी कोपऱ्यापर्यंत काहीएक न बोलता सोबत चालली असती. ती बसायला लागली.

तेवढ्यात आईने मनगटावरचे बंद सोडले आणि दोन बोटं तोंडात घातली.

जाड सुरू झालेली शिट्टी सुईसारखी होत छताला जाऊन टोचली. सभागृह जिथल्या तिथे थांबलं. मागच्या पोरांची बोटं तोंडातच राहिली. घोषणाने मान वळवून आधी आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा आईकडे.

"बोल," आई म्हणाली. "लाइन थांबलीय."

"फिल्म खरी आहे," बॅरिस्टर म्हणाली. आवाज फाटला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "त्यात काहीही खोटं नाही. आणि ही माझी मावशी नाही. आई आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घोषणाने हळूच आपली पर्स आईच्या बाजूने काढून दुसऱ्या बाजूला ठेवली. मग काय वाटलं कोण जाणे, ती उचलून पुन्हा होती तिथे ठेवली.

आईचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. ती पडद्याकडे बघत होती. तिथे तो धूसर चेहरा तसाच अडकून राहिला होता, आणि त्याखाली त्या पोरीच्या खांद्यावरचा हात मात्र स्वच्छ दिसत होता. बोटं रुतलेली.

"केवढ्या जोरात दाबलाय गं," आई म्हणाली. "मला वाटायचं, मी नुसता ठेवते."