साहेबाच्या नंबरसाठी केलेला नियम

मला नोकरीवरून काढलं त्या दिवशीची यादी मीच टाईप केली होती. मंदी आली, तेव्हा आमच्या बांधकाम कंपनीतल्या साहेबानं मला समोर बसवलं आणि कोणाकोणाला घरी पाठवायचं ती नावं सांगत गेला. सांगता सांगता माझ्याच डब्यातलं थालीपीठ खात होता. ते तो रोजच खायचा. शेवटी हात पुसत म्हणाला, "आता तुझं नाव टाक. सॉरी हं, वरून ऑर्डर आहे." मी टाकलं, स्पेलिंगही तपासलं. वरून काहीही आलेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात माझ्या खुर्चीवर त्याची मेव्हणी बसली.

नवऱ्याच्या व्हिसावर मी दुबईत राहिले, पण घरीच. हा राग मी कुणाजवळ बोलून दाखवला नाही. नीट मुरवला.

बऱ्याच वर्षांनी सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या फ्लॅटमधून मी ऑनलाइन दुकान काढलं. कोकम, भाजणी, मेतकूट, पूजेचं सामान. ऑर्डरी हातानं उतरवून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, यू डोन्ट नीड कोडिंग. जस्ट ड्रॅग द बॉक्सेस." खरंच तेवढंच होतं. स्क्रीनवरचे चौकोन ओढायचे आणि रेघांनी जोडायचे. ऑर्डर आली की आपोआप बिल निघायचं, गोदामाला निरोप जायचा, गिऱ्हाइकाला मेसेज जायचा. मला बघावंही लागत नसे.

त्यात एक चौकोन होता: अमुक असेल तर तमुक कर. तो सापडला आणि माझे हात शिवशिवले. साहेबाचा मोबाइल नंबर मला तोंडपाठ होता, सुट्टीच्या दिवशीही त्यानं त्यावरून मला राबवलं होतं. मी नियम केला. हा नंबर असेल तर पार्सल सहा दिवस अडवायचं आणि रोज सकाळी मेसेज पाठवायचा, 'आपली ऑर्डर लवकरच निघेल.' मराठी माणूस आहे, कधीतरी कोकमासाठी येईलच.

तीन महिन्यांनी त्या नियमापुढे हिरवी खूण उमटली. आला! ऑर्डर उघडून नाव बघायची मला गरजच वाटली नाही. त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी खूण उमटायची आणि माझा तो दिवस मजेत जायचा. बस वाट बघत, म्हणायचे मी.

दीड वर्षानं, एका दुपारी, माझ्या फोनवर तोच नंबर झळकला. काय सुनवायचं ते माझं केव्हाचं ठरलेलं होतं. मी फोन उचलला.

"नमस्कार ताई. जेबेल अलीवरून बोलतोय, क्रेन चालवतो. दर्भ आणि काळे तीळ पाहिजे होते. तुमचं लेट येतं ते आता धरूनच मागवतो मी. पण गेल्या साली वडिलांच्या वर्षश्राद्धाची तिथी टळली. गावी जायला सुट्टी नव्हती, म्हटलं इथंच करू, तर तेही राहिलं. या टायमाला जरा बघा ना."

मी विचारलं, "हा नंबर तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"सात वर्षं झाली. कंपनीनं दिला. आधीचा कोण साहेब होता, तो मुलूख सोडून गेला म्हणे. सुरवातीला लोक त्याला शिव्या द्यायला फोन करायचे. मीच खाल्ल्या." तो हसला. "माझ्या ऑर्डरीत काय चुकतं का ताई?"

"नाही हो, सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे," मी म्हणाले. त्याच संध्याकाळी गाडी काढून दर्भ आणि तीळ मी स्वतः त्याच्या कामगारांच्या कॅम्पच्या फाटकावर नेऊन दिले. तो पैसे देऊ लागला, मी घेतले नाहीत. खरं काय ते सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

घरी येऊन तो नियम उघडला आणि नंबर पुसून टाकला. रिकामी जागा थोडा वेळ बघत बसले. मग तिथे साहेबाचं पूर्ण नाव टाईप केलं, वडिलांच्या नावासकट, आणि स्पेलिंग तपासलं.