निळ्या दाराचा पत्ता

इंदूताई बसमधून कधीही आपल्या थांब्यावर उतरत नसत. राहायच्या उचगावला, पण एक थांबा आधी उतरायच्या नाहीतर एक थांबा पुढे जायच्या आणि उरलेलं अंतर चालत कापायच्या. हातात पिशवी जड असली तरी हेच. एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, "रोज एकाच जागी उतरलं की बघणाऱ्याला जागा पाठ हुती."

आमची ओळख नव्वदच्या दशकाच्या शेवटी झाली. शाहूपुरीत माझं टायपिंगचं दुकान होतं, नुकताच संगणक घेतला होता. इंदूताई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. भाड्याच्या चार खोल्यांत त्या स्वतः राहायच्या आणि नवऱ्यांच्या मारापासून पळून आलेल्या बायकांना तिथेच ठेवून घ्यायच्या. कधी तीन, कधी सात. खोल्या उचगावात नेमक्या कुठे आहेत हे त्या कुणाला सांगत नसत. पत्रं पोस्टाच्या पेटीत यायची. ओळखीचे लोक चिडवायचे, "ताई, एकदा घरी चहाला तरी बोलवा." त्या म्हणायच्या, "तुझ्याच दारात येतो की. तुझा चहा काय कडू हाय व्हय?"

माझ्याकडे त्या अर्ज टाइप करून घ्यायला येत. कागद हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: "हे वाचनार कोन?" पोलीस वाचणार असतील तर मजकूर वेगळा, सासरकडचा वकील वाचणार असेल तर वेगळा. एका अर्जात मी मुलीच्या शाळेचं नाव घातलं होतं. त्यांनी बोट ठेवलं. "हे काढ. तिचा बा वाचंल आनि शाळंच्या फाटकात हुबा ऱ्हाईल."

मी बरोबर उलट. मला रिकामा रकाना बघवत नाही. माझ्या दुकानातून गेलेला अर्ज अपूर्ण म्हणून परत येत नाही, याचा मला अभिमान होता. दुकानात भिंतीवर यादी होती: नाव, पूर्ण पत्ता, पिन, खूण, सही. खूण मी कधी विसरत नसे. आपल्याकडे घराला नंबर असतो, पण पोस्टमन येतो तो खुणेवर.

दोन हजार सालानंतर कॉलेजच्या काही मुलींनी इंदूताईंच्या कामासाठी इंटरनेटवर एक पान तयार करून दिलं. मारहाण झाली तर तक्रार कुठे करायची, दवाखान्यात काय लिहून घ्यायचं, असं साध्या मराठीत. ते एका फुकटच्या जागेवर होतं. कुणीतरी तक्रार केली आणि ते एका सकाळी नाहीसं झालं. मुलींनी ताईंना सांगितलं की पानासाठी इंटरनेटवर वेगळं नाव विकत घेऊन नोंदवलं तर ते असं सहज काढता येणार नाही. नाव नोंदवायचं म्हणजे अर्ज आला, आणि अर्ज म्हणजे मी.

पडद्यावर रकाने उघडले. ताई शेजारी स्टुलावर.

"पोस्टाची पेटी घाल."

"चालत नाही ताई. राहता पत्ता मागतात. खोटा दिला तर नाव रद्द होतं, असं लिहिलंय."

"हे वाचनार कोन?"

"कोणी नाही हो. नोंदणीवाले. कपाटात पडून राहतं."

मला खरंच तसं वाटत होतं. ताईंनी पहिल्यांदाच मला पत्ता सांगितला, हळू आवाजात. मी टाइप केला. सवयीने विचारलं, "खूण?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दळपाची गिरण. तिच्या मागं निळं दार." मी ते इंग्रजीत व्यवस्थित बसवलं. फोनच्या रकान्यात माझ्या दुकानाचा नंबर घातला, कारण त्यांच्याकडे फोन नव्हता. एकही रकाना रिकामा राहिला नाही.

दीडेक महिन्याने ताई दुकानात आल्या आणि घडी घातलेला कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. छापलेला होता. वर त्यांचं नाव, खाली माझेच शब्द, माझेच स्वल्पविराम. बिहाइंड फ्लोअर मिल, ब्लू डोअर.

झालं होतं ते असं. बिद्रीकडची लता नावाची एक मुलगी दोन महिने ताईंकडे होती. तिचा नवरा शिरोलीच्या एका कारखान्यात. तिथल्या कुणीतरी त्याला संगणकावर दाखवलं की पानाचं नाव टाकलं की मालकाचा पत्ता समोर येतो. कुणालाही येतो, कुणी विचारत नाही, तुम्हाला कशाला हवा. तो भरदुपारी आला, अंगावर इस्त्रीचा शर्ट, बरोबर दोन नातेवाईक. गिरणीत पीठ दळायला आलेल्यांना म्हणाला, "पावणं हाय आम्ही." त्यांनी निळं दार दाखवलं. त्याने आवाज चढवला नाही. गाडीत लताची सासरीच राहिलेली तीन वर्षांची मुलगी बसवून आणली होती, तिला फक्त गाडीच्या खिडकीपाशी उभं केलं. लता पायात चप्पल न घालता गाडीत जाऊन बसली.

ताई तिच्या गावाला दोनदा जाऊन आल्या. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, बेंगलोरला गेली. पोलिसांनी लिहून घेतलं की बाई स्वतःच्या पायाने गेली. त्यानंतर लताचं कुणालाच काही कळलं नाही.

मी त्या दिवशी ताईंना काय बोलले आठवत नाही. त्या काय म्हणाल्या ते आठवतं. "जळीत वॉर्डात हुतो मी. पंचवीस वरसं. कारणाच्या रकान्यात काय लिवलं? स्टोव्हचा भडका. बाई कानात खरं सांगायची आनि मी भडका लिवायचो, कारण सासू पलंगाजवळ हुबी. मी लई रकानं भरलेत शैला. तू एकच भरलास."

याने मला बरं वाटावं अशी त्यांची इच्छा होती. वाटलं नाही.

आठ दिवसांत त्यांनी बायकांना दुसरीकडे हलवलं. कुठे ते मी विचारलं नाही. पण स्वतः त्या निळ्या दारातच राहिल्या. मी म्हटलं, निदान दाराला दुसरा रंग द्या. "रंग देतो. गिरण कुठं हलवू?" मग म्हणाल्या, "आता पत्ता फुटलाय. हुडकत येनाऱ्याला हितं कोनतरी भेटाया पायजे. न्हायतर पुढं हुडकत जाईल." तसे चार-पाच जण आले. छापलेला कागद हातात घेऊन. ताई उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. "या पावणं. बसा. हितं मी एकटीच हाय."

नाव नोंदवणाऱ्याचा पत्ता सगळ्यांना दाखवायचा हा नियम कोण करतं ते मी शोधून काढलं. परदेशातली एक मंडळी होती. पत्ते उघडे ठेवावेत की नाहीत यावर त्यांची वर्षानुवर्षं चर्चा चालू होती आणि कुणीही मत पाठवू शकत होतं. उघडे ठेवा म्हणणाऱ्यांचंही कारण होतं: इंटरनेटवरची फसवणारी दुकानं पकडायला पत्ता लागतो. मी ताईंना ते वाचून दाखवलं.

"मग फसवनाऱ्याचा लावा की भिंतीवर. लताचा कशाला लावला?"

मी तेच इंग्रजीत लिहिलं. पाठवताना खाली सूचना दिसली: मत, पाठवणाऱ्याच्या नावासह, सर्वांना दिसेल. माझा हात थांबला. ताईंनी चष्मा सारखा केला. "हे वाचनार कोन?"

"सगळे."

"मग घाल माझं नाव. ह्या बारीला सगळ्यांनीच वाचाया पायजे."

उत्तर आलं नाही. ताई दोन हजार नऊच्या हिवाळ्यात गेल्या, त्याच घरात. दार तेव्हाही निळंच होतं. रंगाचा डबा माळ्यावर न उघडलेला सापडला. पुढे बऱ्याच वर्षांनी ते पत्ते झाकायला सुरुवात झाली. आमच्या पत्रामुळे नव्हे. आता तिथे आमच्या पानाचं नाव टाकलं तर पत्त्याच्या जागी 'गोपनीय' असतं. मी दर जानेवारीत पाहते. माझ्या वर्षाच्या यादीत ते काम आहे. पण जुन्या नोंदींच्या प्रती ठेवणारी ठिकाणं असतात. तिथे इंदूताई अजून गिरणीमागे राहतात.

आणि फोनच्या रकान्यात माझा नंबर आहे. दुकान मी बंद केलं, तो नंबर मात्र घरी आणला. मुलगा म्हणतो, आता कोण वापरतं हे, काढून टाक. मी काढत नाही. वर्षातून एक-दोनदा तो वाजतो. बहुतेक कुणीतरी काहीतरी विकायला बघत असतं. पण कधीकधी पलीकडून आवाजच येत नाही, नुसता श्वास. हुडकत असलेल्या नवऱ्याचा आहे की पळू बघणाऱ्या बाईचा, कळत नाही. तिचा असला तर तिला आधी काय कळायला हवं, हे मला ताईंनी शिकवलंय.

म्हणून मी नाव विचारत नाही, कुठून बोलता विचारत नाही. एवढंच सांगते, "ऐकणारी मी एकटीच आहे. बोला."

कुणी बोलत नाही. मी फोन लगेच ठेवत नाही.