विहिरीवर टांगलेला पाना

पंखेबुवांना मी फसवलं. त्यांच्या हातून सुमनबाईंना फसवलं. कागद पाहाल तर कोणीच कोणाला फसवलेलं नाही. कागद पक्का आहे. तो मीच करून घेतला होता.

बुवा चक्कीचा आवाज दातांनी ऐकत. आमच्या वऱ्हाडात अजून कुठे कुठे जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत. लोखंडी मनोरा, वर पत्र्याच्या पात्यांचं मोठं चाक, वारा सुटला की विहिरीतलं पाणी आपोआप वर. कापसाच्या तेजीत सधन लोकांनी हौसेने बसवल्या, मग विजेचे पंप आले आणि त्या गंजत राहिल्या. अशी चक्की दिसली की बुवा वर चढत, सळईचं एक टोक दात्यांच्या चाकांच्या पेटीला टेकवत आणि दुसरं दातांत धरत. डोळे मिटून मिनिटभर तसेच. खाली उतरून सांगत, "लहान चाकाचा एक दाता गेला." पेटी उघडावी तर लहान चाकाचा एक दाता गेलेलाच असे. मी एकदा म्हणालो, कानाने ऐका की! तर म्हणाले, "कानाले सवय होते शेठ. बायको रोज ओरडली तरी त्याले ऐकू येत नाई. दाताले सवय होत नाई."

शेठ ते मला चिडवायला म्हणत. मी बाळापूरकडचा, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन अकोल्यात आलेला माणूस. भंगार गोळा करता करता जुन्या शेती अवजारांचं दुकान उभं केलं. कोणी दिलं नाही, सगळं भांडून मिळवलं. त्यामुळे आवाज चढलेला असतो. एकदा असाच मजुरांवर ओरडत होतो तेव्हा मनोऱ्यावरून बुवांनी हाक मारली, "शेठ, एवढी हवा तोंडातून काहून घालवून राहिला? थोडी इकडं सोड, चाक फिरंल!" मजूर हसले. मीही हसलो, पण दोन दिवस बुवांशी बोललो नाही.

या चक्क्यांचे सुटे भाग कुठेच मिळत नाहीत. बुवांना त्याचं काही वाटत नसे. बाभळीचं लाकूड तेलात उकळून ते आसाचे बुश करत. पंपाच्या वायसरसाठी मोटेचं चामडं वापरत. मोटा गेल्या, पण त्यांचं कातडं जुन्या गोठ्यांत आढ्याला लटकलेलं असतं, ते मागून आणत. पाती ड्रमच्या पत्र्याची, कडुनिंबाच्या ओंडक्यावर ठोकून बाक दिलेली. चाकाचा तोल पाहायला पात्यांना ओल्या मातीचे गोळे चिकटवत. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबायला लागलं की गोळा काढून तेवढ्याच वजनाची पत्र्याची पट्टी ठोकत. शिक्षण सातवी. सासुरवाडी धारणीकडची, तिथल्या लोहाराकडे घण मारायला शिकले, एवढीच त्यांची शाळा.

आणि त्यांचा पाना. ट्रकच्या कमानपाट्यातून स्वतः घडवलेला, हातभर लांब. चक्कीच्या माथ्याचे नट त्याच्याशिवाय हलत नसत. एखाद्याची चक्की दुरुस्तीसाठी उतरवून न्यायची झाली की बुवा तो पाना त्या विहिरीच्या काठावर टांगून ठेवत. चिठ्ठी नाही, पावती नाही. चक्की पुन्हा उभी राहिली की शेवटचा नट आवळायला पाना काढायचा आणि घरी न्यायचा. तोवर दुसरं काम बंद. मी म्हणायचो, असा दुसरा पाना करून ठेवा. "दुसरा असंन तर मंग पहिल्याले कोण घाबरंल?" घाबरणारे म्हणजे ते स्वतः.

सुमनबाईंची वाडी बाळापूरच्या अलीकडे. वांगी, मेथी, झेंडू. वीज नसली तरी त्यांचं पाणी चालू असायचं, कारण त्यांची चक्की चालू होती. फक्त आता ती कुरकुरत होती आणि पाणी कमी देत होती. त्याच सुमारास अमरावतीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने मला विचारलं, जुनी चक्की मिळेल का? चालती ठेवीन म्हणाला, बागेच्या विहिरीवर लावीन म्हणाला. जमीन सुमनबाईंच्या दिरांच्या नावावर, दीर अमरावतीत. त्यांच्याकडून मी चक्की भंगार म्हणून लिहून घेतली. बुवांना सांगितलं, सुमनबाईंची चक्की दुकानात नेऊन नीट करू, गाडी माझी.

बुवांनी चक्की उतरवली. मग पाना पुसला, विहिरीच्या काठावरच्या खुंटीला टांगला आणि सुमनबाईंना म्हणाले, "बाई, याले हात लावू देऊ नका कोणाले." मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी गाडीची दोरी तपासत राहिलो.

महिनाभर बुवा माझ्या दुकानामागे राबले. इतकं चांगलं काम त्यांनी दुसऱ्या कुठल्या चक्कीचं केलेलं मी पाहिलं नाही. फुंकर मारली तरी चाक हलायचं. काम झाल्यावर मी म्हणालो, तुम्ही पुढे जा, पायाचे बोल्ट साफ करून ठेवा, गाडी सकाळी येते. ते वाडीवर गेले. गाडी अमरावतीला गेली.

दुपारी त्यांचा फोन. "शेठ, गाडी कुठं अटकली?"

"पंक्चर झालं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी पुन्हा पंक्चरच सांगितलं. बुवा वाडीवर बसून राहिले, सुमनबाई भाकरी वाढत राहिल्या. तिसऱ्या दिवशी ते एसटीने दुकानात आले, हातात पंक्चरचं सामान. "दोन दिवसाचं पंक्चर म्या पाह्यलं नाई, म्हटलं आपणच जाऊन पाहू."

मी कागद त्यांच्यासमोर आपटला. चुकलेला माणूस जितका ओरडतो तितका ओरडलो. मालक दीर आहेत, व्यवहार कायद्याने आहे, तुमची मजुरी घ्या आणि मोकळे व्हा. बुवांनी कागद ओळन् ओळ वाचला. घडी घालून परत दिला.

"कागद बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तुले मालूम होतं ना? मंग मले पाना काहून टांगू देल्ला?"

मजुरी न घेता गेले.

सुमनबाईंनी दोनदा निरोप धाडला, बुवा, तुमची काय चूक, पाना घेऊन जा. बुवा गेले नाहीत. तेल्हाऱ्याकडून, मूर्तिजापूरकडून लोक चक्क्यांचं काम घेऊन विचारायला येत. "माहा पाना अडकला," एवढंच सांगत. कोणी अडकवला ते कधी कोणाला सांगितलं नाही. माझं नाव बाजारात तसंच चकचकीत राहिलं. त्यांनी मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मी भांडलो असतो, जिंकलोही असतो. त्यांनी ती सोय ठेवली नाही. याचा राग मला आजही येतो, आणि राग ओसरला की खाली काय उरतं ते मला माहीत आहे.

हॉटेलवाल्याने चक्की सिमेंटच्या ओट्यावर उभी केली आहे. खाली विहीर नाही. चाक फिरताना जेवणाऱ्यांना आवाज येतो म्हणून वेल्डिंग करून ते जाम केलं आहे. लोक समोर उभे राहून फोटो काढतात. मी परत मागायला गेलो, दिलेल्यापेक्षा जास्त देतो म्हणालो. तो म्हणाला, "तुम्हीच विकली ना, भाऊ?" भावाच्या घासाघिशीत मला कधी कोणी असं गप्प केलं नव्हतं.

मागच्या पोळ्यानंतर बुवा गेले. दहाव्याला सुमनबाई आल्या होत्या. बादलीने पाणी शेंदून आता अर्धीच वाडी ओली होते, असं कोणाला तरी सांगत होत्या. मग मला पाहून थांबल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "बुवा होते तोवर वाटे, येईन चक्की. आता कोणाले मागू?"

मी खाली पाहिलं आणि चप्पल शोधायला लागलो.

म्हणून हे सगळ्यांनी वाचावं असं लिहिलं. हॉटेलवाले, चाकाचं वेल्डिंग कापायला मी स्वतः गॅस घेऊन येतो. कधी येऊ ते सांगा, आणि नाही म्हणायचं असेल तर कारण लोकांसमोर सांगा. दीरसाहेब, सही करताना वहिनींना का विचारलं नाही, तेही सांगा. आणि सुमनबाई, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मी तिथेच द्यायला हवं होतं. मला मागा. अकोल्यात माझ्या दुकानासमोर, माझ्या गिऱ्हाइकांच्या देखत, मोठ्याने माझं नाव घेऊन मागा. चक्की वाडीवर उभी राहीपर्यंत रोज मागा.