तिघींचा बाजार

जुनी वस्तू मोडीत काढता येते, पण ती कशी आणली त्याची गोष्ट कुठल्या मोडीवाल्याला द्यायची? ती घरातच राहते. माझ्याकडं तर अशा गोष्टींचा इतका साठा झालाय की सुना म्हणतात, "आई, एक दिवस सगळ्या बाहेर काढा आणि ऊन दाखवा!" तर घ्या, दाखवते ऊन.

सत्तर सालानंतरची पाच-सात वर्षं. सांगलीत नदीकडं उतरणाऱ्या एका बोळात पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. तिथं आम्ही तिघी शेजारणी. मी साताऱ्याची, आमचे हे शाळेत कारकून, आणि पदरात दोन मुलगे, विजू आणि संजू. शेजारी सुमन, मेढ्याकडची. तिचा नवरा हणमंतराव मिलिटरीत, आणि एकुलती एक मुलगी छबी. टोकाच्या खोलीत आक्का. त्या विट्याच्या पलीकडच्या कोरड्या माळावरच्या. माहेर मेंढरंवाल्यांचं, मालक एसटीत ड्रायव्हर, घरात चार पोरं. वयानं आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, आणि बाजारात आमच्या पुढारी!

दुकानदारानं भाव सांगितला की आक्कांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "बरं, ह्यो झाला सांगायचा. आता द्यायचा सांग!"

*

प्लास्टिकच्या बादल्या तेव्हा नवीन आल्या होत्या. शनिवारच्या बाजारात एका हिरव्या बादलीवर माझा जीव जडला. आक्कांनी मला बाजूला घेतलं.

"तू तोंड उघडू नगंस. माझा बाप मेंढरं इकायचा तवा रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा. कुणाला पत्ता न्हाई लागायचा. मी पदराखाली तुझी बोटं दाबीन. त्यावरनं समजून घे आन् मग बोल."

बादलीवाला नऊ रुपयांवर अडून बसला. आक्कांनी बादली वाजवून बघितली, वास घेतला, उन्हाकडं धरून आरपार बघितली. शेवटी त्या म्हणाल्या, "घेणारी ही हाय, हिलाच इचार." आणि पदराखाली माझी दोन बोटं करकचून दाबली.

दोन रुपये कमी कर, असा त्याचा अर्थ होता. पण माझं लक्ष सगळं बादलीत! मी ठासून म्हणाले, "दोन द्या!"

बादलीवाल्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत एकीत एक घालून दोन्ही माझ्या हातात दिल्या.

आक्का तरातरा पुढं चालत राहिल्या. बोळाच्या तोंडाशी आल्यावर म्हणाल्या, "माझ्या बापानं तुला संगं नेली असती ना, तर इकायला नेल्याली मेंढरं घेऊन त्यो माघारी आला असता. वर आनखी दोन!"

*

पण माझं काय घेऊन बसलात? आमचे हे माझ्याही वरताण होते.

एकदा मला ताप आला म्हणून ह्यांना भाजीला पाठवलं. निघताना सुमननं दहा वेळा पढवलं, "भावजी, पयला भाव मान्य करायचा न्हाई बरं का!" ह्यांनी मान डोलावली. तासाभरानं आले ते अर्धी पिशवी वांगी घेऊन.

"भाव केलात का?" मी पांघरुणातून विचारलं.

"केला की."

"काय म्हणालात?"

"ती बाई म्हातारी होती गं. उन्हात बसलेली. मी म्हटलं, मावशी, एवढ्या कमी भावात तुम्हाला परवडतं का?"

"मग?"

"ती म्हणाली, न्हाई परवडत. मग आम्ही दोघांनी मिळून भाव वाढवला."

मला तापातही हसू फुटलं. पुढच्या शनिवारी मी त्या मावशीकडं गेले, तर तिनं माझ्यामागं नजर टाकून विचारलं, "सायेब बरं हायत न्हवं? त्यास्नीच धाडत जावा की बाजाराला!"

*

सांगलीत राहून गूळ दुकानातून किलोनं आणणं म्हणजे आक्कांच्या मते नदीकाठी राहून पाणी विकत घेण्यासारखं. गुळाच्या पेठेत फुटका रवा स्वस्तात मिळतो, ही बातमी त्यांनीच आणली. रवा म्हणजे कापडात बांधलेला हा भला मोठा, दोघींनी उचलावा असा गोळा. तिघींत एक घेतला, हातगाडीवरून आणला, आक्कांच्या दारात खुरप्यानं फोडून तीन वाटे केले. एक खडाही इकडचा तिकडं झाला नाही.

पावसाळा लागला आणि गूळ पाझरायला लागला. डब्यातून फळीवर, फळीवरून भिंतीवर. मुंग्यांची रांग माझ्या खोलीतून सुमनच्या खोलीत, तिथून आक्कांच्या खोलीत. मुलं भिंतीला बोट लावून चाटत होती!

आक्का कमरेवर हात ठेवून त्या रांगेकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "वाटं चार करायला पायजे हुतं, गड्या!"

*

एका वर्षी गावातल्या एका कापडवाल्याचं गोदाम गळलं. भिजलेला माल त्यानं रस्त्यावर मांडला. आम्हाला मिळाला चौकडीचा अख्खा तागा, लाल आणि निळा. पाण्याचा डाग होता तो कडेला, बाकी कापड टिकाऊ. सुमनच्या मशीनवर तिघींनी आठ दिवस शिवण केलं. माझ्या दोघांना शर्ट, आक्कांच्या चौघांना शर्ट, छबीला फ्रॉक. उरलं त्यात पिशव्या, उशांचे अभ्रे, आणि खिडकीचा पडदा. हे म्हणाले, "माझं तेवढं राहिलंय! पण नकोच, त्या कापडाचा शर्ट घालून मी पडद्यापुढं उभा राहिलो तर दिसायचो नाही."

बोळातली मंडळी आमच्या सात पोरांना बँडपथक म्हणायला लागली. विजू रडला. म्हणाला, "मी हा शर्ट नाही घालणार." पण घालायला दुसरा होता कुठं?

त्याच हिवाळ्यात मैदानावर सर्कस आली. आम्ही तिघी साती पोरं घेऊन गेलो. खेळ सुटला आणि बाहेर पडताना अशी रेटारेटी झाली, की बोलायची सोय नाही. बाहेर येऊन आक्कांनी पोरं मोजली. पुन्हा मोजली. सहा!

माझा संजू नव्हता. चार वर्षांचा.

सुमननं सहा पोरं एका खांबापाशी उभी केली आणि आक्का तंबूच्या मागं धावल्या. मी नुसती "संजू, संजू" करत गर्दीत उलट्या दिशेनं शिरत होते. लोक ढकलत होते. मैदानापासून नदी काही फार लांब नव्हती, आणि माझ्या डोळ्यांपुढं दुसरं काही येईना.

तेवढ्यात एका शेंगावालीनं माझा हात धरला. खांबापाशी उभ्या असलेल्या सहा पोरांकडं बोट करून म्हणाली, "ती तुमची का वो बाई?"

"हो, पण एक..."

"मग त्या कापडाचं आनखी येक हत्तीपशी बसलंय बगा. रडून रडून लाल झालंय."

हत्तीच्या माहुतानं त्याला गवताच्या भाऱ्यावर बसवलं होतं. मी धावत जाऊन आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग उराशी धरला आणि मोठ्यानं रडले. माहूत म्हणाला, "नाव सांगेना, गाव सांगेना. नुसतं म्हणतंय, माझ्यासारखी आणखी सहा आहेत!"

घरी येताना आक्का विजूच्या शर्टाची कॉलर सारखी करत म्हणाल्या, "आमच्याकडं मेंढराच्या पाठीवर रंगाची खूण करत्यात, ती काय उगाच?"

विजूनं तो शर्ट पुढं फाटेपर्यंत घातला.

*

जूनमध्ये जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळायची. विजूसाठी मी चौथीचं गणित आणलं. आधीच्या मुलानं त्यात प्रत्येक उदाहरणापुढं पेन्सिलीनं उत्तर लिहून ठेवलेलं! मला वाटलं, निम्म्या किमतीत पुस्तकही आलं आणि शिकवणीही. विजूलाही तसंच वाटलं असावं, कारण आठवडाभर त्याचा गृहपाठ दहा मिनिटांत होत होता.

मग बाईंनी मला शाळेत बोलावलं. त्यांच्यापुढं विजूची वही होती, आणि तो खाली मान घालून उभा होता.

"पुस्तक जुनं घेतलंत का?" बाईंनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"ह्या चुका माझ्या ओळखीच्या आहेत," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षभर मी त्याच तर तपासत होते!"

*

आमच्याकडं एक बोहारीण यायची, पारूबाई. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी द्यायची. स्टीलचं तेव्हा आम्हाला भारी वेड. एका दुपारी मी कपड्यांचं गाठोडं तिच्यापुढं टाकलं आणि झाकणाचा डबा मिळवला. आक्का घरी नव्हत्या, तरी मी एकटीनं घासाघीस करून वर एक वाटी काढली. मग दुपारभर त्या डब्यात तोंड बघत होते.

संध्याकाळी ह्यांनी ट्रंक उघडली. "माझा तो तपकिरी स्वेटर कुठं गेला?"

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी तो विणला होता. एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब झाली होती, तरी ह्यांनी तो दहा वर्षं घातला. आता कोपरावर विरला होता, पण होता. गाठोड्यात तो कधी गेला मला कळलंच नाही. हे एवढंच म्हणाले, "जाऊ दे, जुनाच होता." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

महिन्यानं पारूबाई आली. मी दारातूनच विचारलं, "तो तपकिरी स्वेटर विकलास का गं? परत मिळेल?" हातात डबा तयार ठेवला होता.

ती पायरीवर बसली. "न्हाई इकला, ताई. इकायला काढला हुता. पन पोरीनं घातला आन् काढंचना. गुडघ्यापत्तूर येतोय तिला. येक बाही लांब हाय, ती तोंडावर घेऊन झोपती." मग माझ्या हातातल्या डब्याकडं बघून म्हणाली, "पर तुमाला पायजेल असंल तर आनते की उद्या."

मी डबा आत नेऊन ठेवला. बाहेर येऊन म्हणाले, "नको. दुसऱ्या बाहीचं कोपर विरलंय, तेवढं शिवून घाल. तपकिरी लोकर देते."

हे आतून सगळं ऐकत होते. लोकरीचा गुंडा त्यांनीच शोधून दिला.

*

आता हणमंतरावांचं सांगते.

त्यांची सुट्टी एकदा लांबत लांबत दोन वर्षांवर गेली. गेले तेव्हा छबी तीन वर्षांची होती, आले तेव्हा पाच पूर्ण. आल्या आल्या काळी ट्रंक उघडली. सुमनला शाल काढली, आम्हाला अक्रोड वाटले, आणि सगळ्यांत शेवटी कागदात गुंडाळलेला गुलाबी फ्रॉक काढला. झालरीचा, पाठीवर मोत्यासारखी बटणं. असा फ्रॉक अख्ख्या बोळात कुणी पाहिला नव्हता.

"चार दुकानं पालथी घातली," हणमंतराव आक्कांना सांगत होते. "दुकानदार म्हणला, नाप बताओ. मी म्हणलं, हे एवढी हाय आमची छबी!" आणि त्यांनी हात मांडीपाशी धरून दाखवला.

सुमननं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "ठेवते नीट. सणाला घालूया."

"सणाला मी कुठं असनार? आत्ताच घाल, बघू दे की मला."

सुमन छबीला आत घेऊन गेली, मीही मागोमाग गेले. कसाबसा फ्रॉक गळ्यातून खाली उतरला, पण पाठीवरची बटणं काही जुळेनात. मध्ये चार बोटांचं अंतर. सुमनचे डोळे भरून आले. हळूच म्हणाली, "कसं सांगू वो वयनी ह्यास्नी? दोन वर्सं त्यांच्या डोळ्यांत पोर तेवढीच ऱ्हायलीया."

छबीनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी भित्तीला लागून हुबी ऱ्हाते," ती म्हणाली.

आणि खरंच, ती भिंतीला पाठ घासत घासत बाहेर आली आणि तिथंच चिकटून उभी राहिली. आक्का म्हणाल्या, "लय ग्वाड दिसतीया!"

"हिकडं ये की छबे, आबाकडं!"

"न्हाई. मला हितंच बरं वाटतंय."

"लाजतीया पोरगी," हणमंतराव हसले. मग जेवणं झाली. छबीनं भाकरीसुद्धा उभ्यानं खाल्ली, पाठ भिंतीला लावून. ते मधूनमधून तिच्याकडं बघत होते. नंतर नंतर ते हसायचे थांबले.

महिना कसा गेला कळलंही नाही. सुट्टी संपली. स्टेशनावर पोचवायला आम्ही सगळेच गेलो होतो. गाडी यायला वेळ होता. ट्रंक बाकड्यापाशी ठेवून हणमंतरावांनी छबीला जवळ बोलावलं आणि खिशातून पायजम्याची पांढरी नाडी काढली. एक टोक तिच्या खांद्यावर धरलं, नाडी खाली सोडली आणि गुडघ्यापाशी गाठ मारली. मग छातीभोवती गुंडाळून दुसरी गाठ मारली. सुमन दुसरीकडं बघत होती.

ते नाडीची घडी करून खिशात ठेवायला लागले, तेव्हा छबी म्हणाली, "आबा, त्या गुडघ्याच्या गाठीखाली आनखी एक मारा की. तुमी येईस्तवर मी वाढनार न्हाई व्हय?"

हणमंतरावांनी नाडी पुन्हा उलगडली. "किती खाली मारू?"

छबीनं विचार केला.

"तुमची सुट्टी कवा हाय?"